पहिली बाईक उतारावर निवडा

भाचीने बारावीनंतर रत्नागिरीच्या कॉलेजात नाव घातलं आणि घरात गाडीचा विषय निघाला. गावातली सकाळची एसटी चुकली की पुढची थेट दहाला, त्यामुळे गाडी हवी यावर एकमत होतं. कोणती, यावर नव्हतं. भाचीला गिअरची बाईक हवी. आजीचं म्हणणं, पोरीला स्कूटी बरी. भाचीच्या भावाचं म्हणणं, घ्यायचीच तर दोनशे सीसीची घ्या, म्हणजे मलाही फिरवता येईल. शेवटी तिचा मला फोन आला. "मामा, किती सीसीची घेऊ, तेवढंच सांग."

मी म्हटलं, "अगो, सीसीचं मागाहून बघू. तुमच्या बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, कॉलेजच्या गेटपर्यंत उतार किती लागतात ते मोजून सांग."

तिला वाटलं मी टाळतोय. पण आपल्या किनाऱ्याची ठेवणच तशी आहे. वर जांभ्याचा सपाट सडा, खाली खाडी नाहीतर समुद्र, आणि वाड्या बहुतेक मधल्या उतारावर किंवा अगदी तळाला. म्हणजे कुठेही जायचं तर वर चढा, सडा ओलांडा, खाली उतरा, साकव किंवा पूल लागेल तो पार करा आणि परत चढा. पावसकडे जा, जयगडकडे जा, नाहीतर आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जा, हा खेळ चुकत नाही. चढायला आजची कुठलीही बाईक चढते. शिकाऊ माणूस पडतो तो उतारावर, नाहीतर चढावर मध्येच थांबावं लागलं की. म्हणून पहिली गाडी किती पळते यापेक्षा ती थांबते कशी आणि थांबल्यावर आपल्याला पेलते का, हे आधी बघायचं.

सीसी म्हणजे नक्की काय

इंजिनात पिस्टन वरखाली होतो. तो एका फेरीत जेवढी जागा झाडून घेतो ती घन सेंटिमीटरमध्ये मोजली की झाली सीसी. स्प्लेंडरचं इंजिन ९७ सीसीचं, म्हणजे साधारण टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासाएवढी जागा. ग्लास मोठा असेल तेवढी हवा आणि पेट्रोल जास्त मावतं आणि जोर जास्त निघतो, इतकंच. पण त्या जोराचे दोन प्रकार असतात आणि शोरूममधला पोरगा ते एका दमात बोलून मोकळा होतो: टॉर्क आणि पॉवर.

टॉर्क म्हणजे ओढ. चिखलात नांगर ओढणारा बैल हळू चालतो, पण जोत सोडत नाही; ती ओढ. पॉवर म्हणजे ती ओढ किती वेगाने कामाला लागते ते. तो शर्यतीचा बैल. शिकणाऱ्याला घाटीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, फार रेस न देता, गाडी न अडखळता वर यायला हवी असते. तिथे नांगराचा बैल कामाचा. १०० ते १२५ सीसीच्या प्रवासी बाईक अशाच बांधलेल्या असतात. कमी फेऱ्यांवरच त्यांची ओढ चांगली असते. स्प्लेंडर सुमारे ८ हॉर्सपॉवरची आणि टीव्हीएस रेडर साडेअकराच्या आतबाहेर. केटीएमची २०० सीसीची ड्यूक मात्र २५ च्या घरात जाते. तिचा जोर वरच्या फेऱ्यांवर एकदम येतो आणि नवशिक्याचं मनगट अजून सरावलेलं नसतं. खड्ड्यात गाडी आपटली की नकळत हात मुरगळतो आणि रेस वाढते. शंभर सीसीची गाडी अशा वेळी फक्त गुरगुरते. पंचवीस हॉर्सपॉवरची गाडी समोरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेऊन सोडते.

शंभर सीसीची गाडी दोघांना घेऊन आंबा घाट चढते का, असं बरेच जण विचारतात. चढते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागून येणाऱ्या ट्रकच्या शिव्या खात, पण चढते. रोज मागे कुणी बसणार असेल किंवा दर महिन्याला कोल्हापूरला जायचं असेल तर १२५ घ्यावी. एरवी ११० सुद्धा पुरते.

वजन, आणि एकटा डावा पाय

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल कुणी विचारत नाही.

समजा, घरासमोरचा रस्ता आठ फूट पुढे गेल्यावर एक फूट चढतो. कोकणात हा फार उभा चढ नव्हे. अशा चढावर उभी गाडी आपल्या वजनाच्या सुमारे आठव्या हिश्शाने मागे ओढते. स्प्लेंडर ११२ किलोची, म्हणजे ओढ १४ किलोची. रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, तिची ओढ २४ किलोच्या वर. हे नुसत्या गाडीचं झालं, बसणाऱ्याचं वजन वेगळं. आता पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून गाडी ढकलत बाहेर काढायची आहे असं डोळ्यांसमोर आणा. चौदा किलो म्हणजे भरलेली मोठी कळशी. चोवीस म्हणजे जवळजवळ तांदळाची पंचवीस किलोची गोण, आणि ती तुमच्याकडेच घसरत येतेय.

चढावर मध्ये थांबून परत निघायचं असेल तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा लागतो, नाहीतर गाडी मागे सरकते. मग जमिनीला उरतो फक्त डावा पाय. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, आपण डाव्या बाजूने जातो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन आणखी खोल. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही पायांचे चवडे टेकले म्हणून 'जमतंय' म्हणणारी व्यक्ती इथे डावीकडे आडवी होते. डाव्या पायाचा पूर्ण तळवा टेकला पाहिजे, तोही गाडी किंचित डावीकडे कललेली असताना.

सीटची उंची कंपनीच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेली असते. स्प्लेंडर, शाईन १००, रेडर या साधारण ७८० ते ७८६ मिलिमीटरच्या. एक्सपल्ससारखी उंच गाडी सुमारे ८२५. चार सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पाच फुटांच्या माणसाला तो टाच आणि चवड्याचा फरक असतो. अर्थात आकडा हेही सगळं नव्हे. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तितकेच पाय आखूड होतात. म्हणून बसून बघायला पर्याय नाही. भाची पाच फूट एक इंच. तिला मी गाडीवर बसवलं आणि म्हटलं, उजवा पाय उचल. तीन गाड्या तिथेच बाद झाल्या.

शर्यतीच्या ढंगाच्या, पुढे वाकून बसायच्या गाड्यांबद्दलही एक सांगतो. सपाटीवर त्या ऐटदार दिसतात. उतारावर मात्र सगळं अंग मनगटांवर येतं, आणि त्याच मनगटांनी ब्रेक, क्लच आणि रेस सांभाळायची असते.

स्कूटी की बाईक

आजीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. स्कूटीत पायापाशी गोण मावते, साडीवर बसता येतं, क्लचची भानगड नाही. पण उतारावर गिअरच्या बाईककडे एक जास्तीचा ब्रेक असतो: इंजिन.

रेस सोडली की इंजिनाचा हवेचा दरवाजा जवळजवळ मिटतो. पिस्टनला त्या मिटल्या दारातून हवा ओढत फिरावं लागतं, तो दमतो, आणि ती दमछाक साखळीतून मागच्या चाकाला पोहोचून गाडी रोखते. गिअर जितका खालचा, तितक्या चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाच्या फेऱ्या जास्त, तितकी रोख जास्त. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. क्लच दाबला की हा ब्रेक सुटतो, कारण इंजिन आणि चाक यांची फारकत होते. स्कूटीत तो क्लच आपोआप चालतो आणि वेग फार कमी झाला की स्वतःच सुटतो. नेमक्या वळणावर, हळू झाल्यावर, गाडी मोकळी घरंगळायला लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय स्कूटीची चाकं दहा-बारा इंचांची, बाईकची सतरा-अठरा. छोटं चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्यावरून जातं. जुलैनंतरचे आपले रस्ते कुणाला सांगायला नकोत.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची जुनी खोड आपल्याकडे आहे. मीही केली आहे. विशीत, खाडीकडे उतरणाऱ्या घाटीत, भर आषाढात. इंजिनाची रोख नाही, मागचा ड्रम ब्रेक एकटा, तो दाबल्यावर चाक जाम झालं आणि मी गाडीसकट चिऱ्याच्या गडग्यात. वाचलेलं पेट्रोल दोन रुपयांचं, हेडलाईटची काच साठ रुपयांची. गुडघ्यावरचा वण अजून आहे.

ब्रेकची अक्षरं: सीबीएस आणि एबीएस

ताशी ६० चा वेग ४० च्या दीडपट. पण थांबायला लागणारं अंतर दीडपट नसतं, दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन पट असतं. बऱ्या कोरड्या रस्त्यावर ४० वरून थांबायला ब्रेक लागल्यानंतर साधारण १२ मीटर धरा, ६० वरून २८. त्यात म्हैस दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा. ४० ला त्या सेकंदात गाडी ११ मीटर गेलेली असते, ६० ला जवळपास १७. एकूण २३ मीटर आणि ४५ मीटर. आपल्या रस्त्यांवर पुढचं ४५ मीटर एकसलग दिसतं तरी कुठे?

'पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील' हा सल्ला गावात प्रत्येकाला मिळतो. तो अर्धवट आहे. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट बसतं आणि मागचं हलकं होतं. म्हणून थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. उलटायला होतं ते तो झटक्यात आवळल्यामुळे किंवा हँडल वळलेलं असताना लावल्यामुळे. लिंबू पिळतात तसा, हळूहळू वाढवत दाबायचा.

नवशिक्याला घाबरल्यावर हे सुचत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसमध्ये चाक जाम होतंय असं वाटताच यंत्र ब्रेक क्षणभर सोडतं आणि परत धरतं, सेकंदात कित्येकदा. त्यामुळे गाडी घसरत नाही आणि हँडल हातात राहतं. एबीएस म्हणजे गाडी लवकर थांबते असा समज आहे, तो सोडा. सुट्या खडीवर आणि चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेल्या तांबड्या भुकटीवर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. ते तुम्हाला उभं ठेवतं, आणि पहिल्या वर्षात तेवढं पुष्कळ. १२५ सीसीतही आता एबीएसवाल्या काही गाड्या मिळतात, हिरोची एक्स्ट्रीम १२५आर त्यातली एक. माझ्या हाती असतं तर रंग, डिजिटल मीटर आणि ब्लूटूथ यांचे पैसे वाचवून एबीएसला लावले असते.

टायरचं थोडक्यात. अलॉय चाकाला बहुधा ट्यूबलेस टायर येतो. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि पुढच्या नाक्यापर्यंत पोहोचता येतं. सड्यावर सहा-सात किलोमीटर पंक्चरवाला नसतो, तिथे ही चैन नव्हे. तारांच्या चाकाला खाऱ्या हवेत गंजही लवकर धरतो.

खारी हवा आणि जुनी गाडी

पहिली गाडी जुनी घेण्यात कमीपणा काही नाही. शिकताना ती एकदा तरी पडणार, आणि जुन्या गाडीचा ओरखडा मनाला कमी लागतो. पण किनाऱ्यावरची जुनी गाडी बघायची रीत वेगळी आहे. वरून पुसलेली टाकी बघू नका. सायलेन्सरच्या पोटाखाली बोट फिरवा, तिथून गंज सुरू होतो. सीट काढून खालची चौकट बघा. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बारीक तांबडे ठिपके असतील तर तेल गळायला वेळ लागणार नाही. साखळीवर पूर्ण बंद झाकण असलेली गाडी जुनाट दिसते, पण वाळू आणि खारट दमटपणा तिच्यात कमी शिरतो.

चाकरमानी गणपतीला गाडी घेऊन येतात आणि इथेच विकून जातात, तशी मुंबई-ठाण्याच्या नंबरची गाडी स्वस्तात मिळते. जरूर घ्या, पण नावावर करूनच. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही हवी, आधीचं कर्ज आरसीवर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. 'सह्या करून ठेवल्यात, सावकाश करा' हे ऐकलं की उठून चालू लागा. नावावर नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर कोर्टात जुना मालक आणि तुम्ही दोघेही अडकता.

आणि यामाहाची आरएक्स १००. प्रत्येक तालुक्यात एक पोरगा असतो ज्याला तीच हवी असते. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली, म्हणजे आजची सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा विकत घेणाऱ्यापेक्षा वयाने मोठी. शंभर किलोच्या आसपास वजन, अकरा हॉर्सपॉवर आणि दोन्हीकडे बहुधा ड्रम ब्रेक. आवाज सुंदर आहे, मान्य. दुसरी गाडी म्हणून घ्या.

नवीन घेताना शोरूमची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यात रस्ता कर, पासिंग आणि विमा बसतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, पहिल्या वर्षी तो टाळू नका. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे, म्हणजे त्याआधीच्या किमती ऐकून बसला असाल तर परत चौकशी करा. त्या फरकात आयएसआय शिक्क्याचं चांगलं हेल्मेट येतं. जून २०२१ पासून बिनशिक्क्याचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली असतात.

गाडी पक्की करण्याआधी जवळच्या बाजारपेठेतल्या मेकॅनिकला विचारा, तो डोळे मिटून कुठली गाडी उघडतो. लांजा, देवरुख, राजापूर, कुठेही स्प्लेंडर-शाईनची क्लच केबल दहा मिनिटांत मिळते. एखाद्या देखण्या गाडीचा आरसा मुंबईहून यायला पंधरा दिवस लागतात.

लायसन्स आणि पहिला पावसाळा

गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. १६ व्या वर्षी चालते ती ५० सीसीपर्यंतची, आणि तशी नवी पेट्रोल गाडी आता बाजारात सहसा दिसत नाही. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर पुढेमागे लाल 'एल', आणि मागे बसणारा फक्त शिकवणारा, तोही लायसन्सवाला. एक गोम मुलींच्या बाबतीत हटकून होते: परीक्षा मैत्रिणीच्या स्कूटीवर दिली तर लायसन्सवर 'विनागिअर' एवढंच येतं. मग बाईक घरात आणि लायसन्स स्कूटीचं. परीक्षा बाईकवरच द्या.

शिकायला दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. सडा मोकळा असतो, रस्ता कोरडा. आधी आठ दिवस नुसता क्लच. मग चढावर मुद्दाम थांबून निघणं, रोज वीस वेळा, मागे न सरकता. दिवसा हेडलाईट चालू दिसला की समोरचा प्रत्येक माणूस पंजा उघडमीट करून सांगेल. २०१७ पासून नव्या गाड्यांचा लाईट बंदच होत नाही, मान डोलवा आणि पुढे जा.

मिरगाचे पहिले दोन-तीन दिवस गाडी घरी ठेवा. वर्षभराचं तेल, तांबडी धूळ आणि पहिली सर मिळून रस्त्यावर साबण होतो, जोरदार पाऊस पडून तो धुवून जाऊ दे. नंतर आंब्या-फणसाखालच्या सावलीतल्या वळणावर शेवाळ आणि कुजलेला पाला बघून चला. ओल्या अंगणात साईड स्टँड मातीत रुततो आणि गाडी रात्रीत आडवी होते; स्टँडखाली चिऱ्याची सपाट कपची ठेवा.

भाचीने शेवटी १२५ सीसीची, एबीएसवाली घेतली, काळी. मागच्या महिन्यात आम्ही दाभोळहून धोपाव्याला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गेलो. फेरीबोटीची लोखंडी फळी ओली होती. तिला आधीच सांगितलं होतं: पहिला गिअर, हँडल सरळ, फळीवर असेपर्यंत ब्रेकही नाही आणि रेसची कमीजास्तही नाही. ती सरळ आत गेली. मी मागून माझी गाडी आणताना फळीवर जरा ब्रेक लावला आणि मागचं चाक वीतभर सरकलं. तिने आरशात बघितलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "ब्रेक नाही ना लावायचा?"